संगणक व घरगुती स्टिरिओ संच यांची जोडणी

संगणकातून निघणारा ध्वनिसंकेत घरातील अॅम्प्लिफायर, म्युझिक सिस्टिम, डेक किंवा टू-इन-वन यांच्याकडे नेऊन तो त्यांच्या मोठ्या स्पीकरवर ऐकण्याच्या व्यवस्थेस संगणक व स्टिरिओ संच यांची जोडणी म्हणतात. हीच जोडणी उलट दिशेनेही करता येते आणि तिच्या साहाय्याने कॅसेटवरील किंवा तबकडीवरील आवाज संगणकात उतरवून घेता येतो. बहुतेक घरांत या कामाला एक केबल पुरते. अडचणी उद्भवतात त्या मुख्यतः तीन कारणांनी: संकेताची पातळी जुळत नाही, केबल चुकीच्या सॉकेटमध्ये लावली जाते, किंवा घरातील अर्थिंग सदोष असते. पहिल्या दोन कारणांनी आवाज बिघडतो, क्वचित यंत्र जळते. तिसऱ्या कारणाने जीविताला धोका पोहोचू शकतो. तरीही घरोघरी सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते.

पार्श्वभूमी

'स्टिरिओ' हा शब्द 'घन' किंवा 'भरीव' असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दापासून आला आहे. डाव्या व उजव्या अशा दोन स्वतंत्र वाहिन्यांतून आवाज आल्यास तो एका बिंदूतून न येता समोरच्या जागेत पसरलेला भासतो, हे या नावामागील कारण होय. एकाच वाहिनीच्या ध्वनीला मोनो म्हणतात. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेले गीतरामायण श्रोत्यांनी एकाच स्पीकरच्या रेडिओवर, म्हणजे मोनो स्वरूपातच ऐकले. अशी जुनी मोनो ध्वनिमुद्रणे स्टिरिओ संचावर लावली असता दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. हा जोडणीतील दोष नव्हे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला आणि नाट्यगीते, भजने, कथाकथन, शास्त्रीय गायन यांच्या कॅसेट मराठी घरांच्या कपाटांत जमू लागल्या. त्याच सुमारास टू-इन-वन आणि नंतर डेक, अॅम्प्लिफायर व दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर असा संच ही मध्यमवर्गीय दिवाणखान्याची शोभा ठरली. संगणकाला मात्र प्रारंभी केवळ 'बीप' असा आवाज काढता येत असे. १९८९ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टरसारख्या ध्वनिपत्रांमुळे ही स्थिती पालटली; १९९० च्या दशकाच्या अखेरीस ध्वनीची यंत्रणा संगणकाच्या मुख्य पत्रावरच बसवली जाऊ लागली. आज संगीताचा साठा संगणकात किंवा आंतरजालावर असतो आणि उत्तम स्पीकर जुन्या संचाला जोडलेले असतात. या दोहोंना एकत्र आणणे एवढेच या जोडणीचे प्रयोजन आहे.

लॅपटॉपमधील स्पीकर जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढे असतात. खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते आणि ती शक्ती एवढ्या लहान पडद्यात नसते. त्यामुळे डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप आणि तानपुऱ्याच्या खर्जाचा भरीवपणा लॅपटॉपवर जवळजवळ नाहीसा होतो. वारकरी भजनाचे ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर ऐकल्यास टाळ तेवढे स्पष्ट ऐकू येतात आणि पखवाज दूर कोठेतरी वाजल्यासारखा वाटतो. तेच ध्वनिमुद्रण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या साध्या स्टिरिओ संचावर लावले की वाद्यांचा समतोल पूर्ववत होतो. जुना संच चालू स्थितीत असेल, तर संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या स्पीकरांपेक्षा तो बहुधा सरस ठरतो.

संकेताची पातळी

एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे आवाज जातो तो बदलत्या व्होल्टेजच्या रूपाने. हे व्होल्टेज सर्वत्र सारखे नसते आणि जोडणीतील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथेच सापडते.

सर्वांत क्षीण संकेत मायक्रोफोनचा व तबकडीच्या सुईचा. प्रचलित चुंबकीय सुई साधारणपणे ३ ते ५ मिलिव्होल्ट इतकाच संकेत देते. त्याच्या वर येते 'लाइन' पातळी. घरगुती यंत्रांत तिचे प्रमाण सुमारे ०.३ व्होल्ट मानले जाते. प्रत्यक्षात सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत, तर लॅपटॉपचे हेडफोनचे सॉकेट पूर्ण आवाजावर सुमारे १ व्होल्टपर्यंत संकेत देते. सर्वांत वरची पातळी स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतील होय. ८ ओहमच्या स्पीकरला २० वॅट शक्ती देणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट असतात आणि त्यामागे भरपूर विद्युतप्रवाह देण्याची क्षमताही असते.

संगणकाच्या हेडफोनच्या सॉकेटमधील संकेत लाइन पातळीच्या जवळपास असल्याने तो अॅम्प्लिफायरच्या लाइन पातळीच्या सॉकेटला सरळ देता येतो. अॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध १० ते ५० हजार ओहम असतो, तर हेडफोनचा केवळ १६ ते ३२ ओहम; म्हणजे अॅम्प्लिफायर हे संगणकाच्या दृष्टीने हेडफोनहूनही हलके ओझे आहे. तोच संकेत 'फोनो' असे लिहिलेल्या सॉकेटला दिला, तर तो तेथील अपेक्षेच्या शंभरपट किंवा त्याहूनही मोठा ठरतो. शिवाय फोनोच्या मंडलात खालचे स्वर मुद्दाम वाढवलेले व वरचे घटवलेले असतात, कारण तबकडी कापताना त्याच्या उलट प्रक्रिया केलेली असते. परिणामी आवाज फाटका, बोजड आणि ऐकवणार नाही असा येतो.

याहून गंभीर चूक म्हणजे अॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांपासून तारा काढून त्या संगणकाच्या सॉकेटला लावणे. त्याने संगणकाचे ध्वनिमंडल जळू शकते. शिवाय काही अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचे काळे टोकही भूबद्ध नसते. ते संगणकामार्फत भूबद्ध झाल्यास अॅम्प्लिफायरही निकामी होतो. याच्या उलट, संचातून सुटे काढलेले मोठे स्पीकर थेट संगणकाला जोडून काही साधत नाही, कारण ते हलवण्याइतकी शक्ती संगणकाच्या सॉकेटमध्ये नसते. मध्ये अॅम्प्लिफायर हवाच.

सॉकेट व पिना

संगणकाकडील बाजू बहुतेक वेळा एकच असते: ३.५ मिलिमीटरचे गोल सॉकेट. टेबलावरच्या संगणकात अशी तीन सॉकेट रंगांनी ओळखली जातात. हिरवे आवाज बाहेर देण्यासाठी, निळे लाइन पातळीचा आवाज आत घेण्यासाठी आणि गुलाबी मायक्रोफोनसाठी. लॅपटॉपमध्ये हल्ली एकच सॉकेट असते आणि त्यातच हेडफोन व मायक्रोफोन दोन्ही सामावलेले असतात. त्यासाठीच्या पिनेवर तीन काळी वलये व चार धातूचे भाग असतात. परंतु आवाज बाहेर काढण्यासाठी दोन वलयांची नेहमीची स्टिरिओ पिनही तेथे चालते. एकाच वलयाची मोनो पिन मात्र वापरू नये, कारण ती उजव्या वाहिनीला थेट भूबद्ध करते.

स्टिरिओ संचाकडील बाजूला विविधता अधिक आहे. सर्वांत सामान्य म्हणजे आरसीए सॉकेटांची जोडी. अमेरिकेतील रेडिओ कॉर्पोरेशनच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. तांबडे सॉकेट उजव्या वाहिनीचे, पांढरे किंवा काळे डाव्या वाहिनीचे. दुरुस्तीच्या दुकानांत याच पिनेला बहुधा 'एव्ही पिन' म्हणतात. टीव्हीच्या केबलमध्ये चित्रासाठी येणारी पिवळी पिन येथे लागत नाही. ३.५ मिलिमीटरची पिन एका टोकाला आणि तांबडी-पांढरी जोडी दुसऱ्या टोकाला अशी तयार केबल तालुक्याच्या गावीही मिळते. जुनी वा दुर्मीळ पिन हवी असल्यास कर्जत-नेरळकडची मंडळी लोकलने दादरला उतरून, गाडी बदलून ग्रँट रोड गाठतात आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत शोध घेतात. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी जुनेच नाव आहे.

अॅम्प्लिफायरच्या मागील बाजूस सॉकेटांच्या वर ऑक्स, टेप, सीडी, ट्यूनर, फोनो अशी नावे छापलेली असतात. ऑक्स, टेप-प्ले, सीडी व ट्यूनर ही चारही लाइन पातळीची असून त्यांपैकी कोणतेही रिकामे सॉकेट चालते. नाव केवळ निवडीच्या खटक्यावरील जागा दाखवते. 'टेप-रेक' असे लिहिलेले सॉकेट मात्र आवाज बाहेर देणारे आहे. तेथे संगणक लावून काहीही ऐकू येणार नाही.

युरोपीय धाटणीच्या जुन्या संचांवर आरसीएऐवजी पाच पिनांचे गोल डिन सॉकेट आढळते. जर्मन मानक संस्थेच्या नावाचे हे संक्षिप्त रूप आहे. त्यातील मधली, म्हणजे २ क्रमांकाची पिन भूबंधनाची असते. टेपसाठीच्या सॉकेटमध्ये ३ व ५ क्रमांकांच्या पिना अनुक्रमे डाव्या व उजव्या वाहिनीचा आवाज अॅम्प्लिफायरमध्ये घेतात, तर १ व ४ या पिना आवाज टेपकडे देतात. क्रमांक पिनेवर डावीकडून उजवीकडे ओळीने येत नाहीत, ते १, ४, २, ५, ३ असे येतात. त्यामुळे केवळ मोजून सोल्डर करणारा हमखास फसतो. क्रमांक पिनेच्या प्लॅस्टिकवर बारीक अक्षरांत कोरलेले असतात. ते भिंग लावून वाचून घ्यावेत.

काही टू-इन-वनना बाहेरचा आवाज आत घेण्याची सोयच नसते. अशा वेळी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर उपयोगी पडतो. तो कॅसेटप्रमाणे यंत्रात घालून त्याची वायर संगणकाला जोडतात. त्याच्या आतील लहान चुंबकीय हेड यंत्राच्या हेडला टेकते आणि टेप फिरत असल्याप्रमाणे संकेत पोहोचवते. आवाजाचा दर्जा मध्यम राहतो. पण यंत्र उघडावे लागत नाही.

जोडणीची रीत

केबल लावताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. चालू अॅम्प्लिफायरमध्ये पिन अर्धवट शिरली की भूबंधनाआधी मधला भाग टेकतो आणि स्पीकरमधून कर्कश घुरघुर निघते. मोठ्या आवाजावर असे झाल्यास स्पीकरची कॉइल जळू शकते. जोडणी झाल्यावर आधी संगणक, मग अॅम्प्लिफायर चालू करावा. बंद करताना क्रम उलटा.

संगणकातील आवाज सुमारे ८० टक्क्यांवर ठेवावा आणि अॅम्प्लिफायरचा कान शून्यावरून हळूहळू वाढवावा. अनेक जण याच्या उलट करतात. संगणकाचा आवाज अगदी कमी ठेवून अॅम्प्लिफायर पूर्ण उघडला की केबलमध्ये मिसळलेला सारा खरखराटही त्याच प्रमाणात वाढतो. संगणकाचा आवाज पूर्ण १०० टक्क्यांवर ठेवल्यास काही यंत्रांत संकेताची शिखरे कापली जातात, म्हणून थोडी जागा राखून ठेवणे बरे. संगणकाच्या ध्वनीविषयक सेटिंगमधील 'बास बूस्ट' वगैरे सुधारणा बंद कराव्यात. त्या लहान स्पीकरांच्या उणिवा झाकण्यासाठी असतात. संदेश आल्याचे सूचनाध्वनीही बंद करावेत. खयालाच्या विलंबित लयीत मध्येच शंभर वॅटचा 'टिंग' कोणालाही नको असतो.

केबल शक्यतो एक ते तीन मीटरची, जाळीच्या आवरणाची असावी. संगणक लांब असल्यास संगणकाकडील केबल ताणण्याऐवजी अॅम्प्लिफायर संगणकाजवळ आणून स्पीकरच्या तारा लांब कराव्यात. देवळातील किंवा मंडळाच्या ध्वनिक्षेपणासाठी वापरले जाणारे अॅम्प्लिफायर बहुधा मोनो असतात. त्यांना स्टिरिओ संकेत देताना डावी व उजवी तार एकत्र पिळू नये, कारण त्यामुळे संगणकाच्या दोन्ही वाहिन्या एकमेकींवर भार टाकतात. प्रत्येक तारेत सुमारे १ हजार ओहमचा रोध घालून मगच त्या एकत्र कराव्यात. अशा अॅम्प्लिफायरच्या '१०० व्होल्ट लाइन' या टोकांना घरगुती स्पीकर जोडू नयेत.

हमिंग आणि अर्थिंग

जोडणी झाल्याबरोबर स्पीकरमधून सलग 'घूंऽऽ' असा खालच्या स्वरातील आवाज येऊ लागणे ही सर्वांत मोठी तक्रार. याला हमिंग म्हणतात. भारतातील वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असल्याने हा आवाज ५० हर्ट्झ व त्याच्या पटींतील असतो. केबल बदलून तो बहुधा जात नाही, कारण दोष केबलमध्ये नसतो.

टेबलावरचा संगणक तीन पिनांच्या प्लगने भूबद्ध असतो. अॅम्प्लिफायरही तीन पिनांचा असेल, किंवा डिशच्या अथवा केबल टीव्हीच्या तारेमार्फत दुसऱ्या मार्गाने जमिनीशी जोडलेला असेल, तर दोन्ही यंत्रांमधील ध्वनिकेबलची जाळी आणि घरातील अर्थिंगची तार मिळून एक बंद कडे तयार होते. घराच्या दोन बोर्डांवरील अर्थिंगच्या व्होल्टेजात अल्पसा फरक असतोच. तो फरक या कड्यातून प्रवाह ढकलतो आणि तो प्रवाह आवाजाच्या संकेतात मिसळतो. दोन्ही यंत्रांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यास हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. सर्वांत स्वस्त उपाय हाच असून आधी तोच करून पाहावा.

लॅपटॉपच्या बाबतीत कारण काहीसे वेगळे असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला असता हमिंग थांबले, तर दोषाचा मार्ग चार्जरमधून जातो हे निश्चित. चार्जरच्या आतील गाळणीचे कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थिंगकडे जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर लॅपटॉपचे धातूचे अंग वीजपुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने इजा होत नाही; मनगटाला मुंग्या आल्यासारखे मात्र होते. हाच गळतीचा प्रवाह ध्वनिकेबलच्या जाळीतून अॅम्प्लिफायरकडे जातो आणि घूंकार सुरू होतो. म्हणजे हमिंग आणि लॅपटॉपला हात लावताच येणाऱ्या मुंग्या ही एकाच दोषाची दोन लक्षणे होत, आणि बोर्डमध्ये खरे अर्थिंग पोहोचलेले नाही असे ती सांगतात.

येथे एक घातक 'उपाय' प्रचलित आहे. प्लगची वरची जाड पिन कापून टाकली किंवा दोन पिनांचा अडॅप्टर मध्ये घातला की पहिल्या प्रकारचे हमिंग थांबते, कारण कडे तुटते. पण त्याबरोबर संरक्षणही तुटते. अॅम्प्लिफायरच्या किंवा संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये बिघाड होऊन फेज त्याच्या धातूच्या खोक्याला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसताना खोका २३० व्होल्टवर जिवंत राहतो आणि ध्वनिकेबलमार्फत दुसऱ्या यंत्राचे अंगही तसेच जिवंत होते. जोडणीपूर्वी धोका एका यंत्रापुरता होता, जोडणीनंतर तो दोन्हींत पसरतो. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड ठेवली आहे ती ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

याहून वाईट प्रथा म्हणजे अर्थिंगची तार ओढलेली नसलेल्या घरात बोर्डमधील अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून देणे. वरवर पाहता सारे ठीक चालते, मुंग्याही थांबतात. परंतु खांबापासून घरापर्यंतची न्यूट्रलची तार तुटली, तर घरातील चालू उपकरणांमार्फत फेजचे व्होल्टेज त्या टोकावर येते आणि तीन पिनांच्या प्रत्येक यंत्राचे धातूचे अंग एकाच वेळी जिवंत होते.

हमिंगवर निर्धोक उपाय वीजपुरवठ्याच्या बाजूला न करता संकेताच्या बाजूला करायचे असतात. ध्वनिकेबलमध्ये बसवायचा एकास एक प्रमाणाचा लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' या नावाने मिळतो. त्यात दोन यंत्रांत धातूचा संबंध राहत नाही आणि आवाज चुंबकीय क्षेत्रामार्फत पुढे जातो. स्वस्त नगात खालचे स्वर थोडे दबतात. ऑप्टिकल केबल किंवा ब्लूटूथ वापरल्यासही धातूचा संबंध आपोआप तुटतो.

एका प्रकारच्या संचाला संगणक मुळीच जोडू नये. व्हॉल्व्हच्या काळातील काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट विजेवर चालत. त्यांना 'एसी-डीसी' संच म्हणत. त्यांच्या आतील धातूचा सांगाडा वीजपुरवठ्याच्या एका तारेलाच जोडलेला असतो आणि प्लग उलटा बसला तर तो फेजवर येतो. ठाण्यात तयार होणाऱ्या मर्फीसारखे जुने रेडिओ आजही काही घरांत जपलेले असतात आणि त्यांच्या पाठीमागील ग्रामोफोनची सॉकेट पाहून संगणक जोडण्याचा मोह होतो. संचात वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे याची जाणकाराकडून खात्री झाल्याशिवाय तसे करू नये. ब्लूटूथ रिसीव्हर स्वतंत्र बॅटरीवर चालवला तरी या संचांत धोका टळत नाही, कारण त्या रिसीव्हरचे अंगही सांगाड्याला जोडले जाते.

पाऊस, खडक आणि वीज

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत वरील प्रश्नांना स्थानिक परिस्थितीची जोड मिळते. पोशीरसारख्या गावांत जमिनीचा वरचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम व काळा खडक लागतो. खडक वीज नीट वाहून नेत नाही. अर्थिंगचा पाइप किंवा पत्रा ज्या खड्ड्यात पुरतात त्यात कोळसा व मीठ भरण्याची जुनी पद्धत आहे, कारण ते मिश्रण ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यात असे अर्थिंग उत्तम चालते. एप्रिल-मे महिन्यांत खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात न येणारे हमिंग उन्हाळ्यात येऊ लागले, तर प्रथम अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतून पाहावे. फरक पडत नसेल, तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगची मोजणी करून घ्यावी. अर्थिंग कसे असावे याचे भारतीय मानक आयएस ३०४३ या क्रमांकाने उपलब्ध आहे. मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असल्यास गळतीचा प्रवाह धोक्याच्या पातळीवर पोहोचताच पुरवठा तुटतो. त्याची किंमत चांगल्या केबलपेक्षा बरीच जास्त असली तरी जोडणीच्या खर्चात तिला पहिले स्थान द्यावे.

पावसाळ्यात उघड्या तारांवर फांद्या पडतात आणि न्यूट्रल तुटण्याचे प्रकार घडतात. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तुटल्यास काही घरांत व्होल्टेज २३० च्या बरेच वर जाते आणि संगणक व अॅम्प्लिफायर दोन्ही एकदम जळतात. दिवे अचानक प्रखर झाले किंवा मंद-प्रखर होऊ लागले, तर मुख्य स्विच बंद करणे हाच उपाय. आकाशात विजा कडाडू लागल्या की केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही. दोन्ही यंत्रांचे प्लग, डिशची तार आणि आंतरजालाची तांब्याची तार असल्यास तीही काढावी. संगणक व संच केबलने जोडलेले असताना एकाच्या तारेतून आलेला दाब दुसऱ्यातही शिरतो.

दमट हवेचा दुसरा परिणाम सौम्य पण कंटाळवाणा आहे. पिनांवर व सॉकेटांत हिरवट गंज धरतो आणि एका बाजूचा आवाज जातो-येतो. पिन जागच्या जागी चार-पाच वेळा फिरवल्यास तात्पुरता गुण येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवल्यास तो टिकतो. आवाजाच्या कानात खरखर होत असेल, तर त्यासाठीही संपर्क स्वच्छ करणारा स्प्रे मिळतो.

डिजिटल व बिनतारी मार्ग

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या प्रमाणानुसार प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली १६ बिटांची नोंद. या आकड्यांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणाऱ्या मंडलास डॅक म्हणतात. संगणकातील अंगभूत डॅकमध्ये कधीकधी माउस हलवताना किंवा हार्ड डिस्क फिरताना बारीक किरकिर ऐकू येते. यूएसबीला जोडायचा स्वतंत्र डॅक घेतल्यास ती जाते. ३.५ मिलिमीटरचे सॉकेटच नसलेल्या संगणकांना तर त्यावाचून गत्यंतर नाही. अॅम्प्लिफायरला ऑप्टिकल सॉकेट असेल तर प्रकाशाच्या केबलने आकडेच तेथपर्यंत नेता येतात. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये ही पद्धत आणली. एचडीएमआयमधून चित्राबरोबर ध्वनीही जातो, मात्र ती सोय नव्या रिसीव्हरांतच असते.

ब्लूटूथचा लहान रिसीव्हर अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला लावल्यास केबलची कटकट उरत नाही. या मार्गात आवाज आक्रसून पाठवला जातो आणि तो पोहोचण्यास सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशीर होतो. गाणी ऐकताना हे जाणवत नाही. नाटकाचे चित्रीकरण पाहताना ओठ व संवाद यांची फारकत होते, आणि हार्मोनियमचा सॉफ्टवेअरने सराव करणाऱ्याला तर असा मार्ग निरुपयोगीच.

उलट जोडणी: कॅसेट संगणकात उतरवणे

विकत घेतलेल्या कॅसेटची दुसरी प्रत कोठेतरी असण्याची शक्यता असते. घरी टेप केलेल्या आजीच्या ओव्या, गावच्या जत्रेतील भारूड, लग्नातील मंगलाष्टके यांची प्रत जगात एकच असते आणि ती दमट कपाटात बुरशी धरत असते. त्यामुळे उलट दिशेची जोडणी पुष्कळ घरांत अधिक महत्त्वाची ठरते.

डेकच्या 'लाइन आउट' किंवा अॅम्प्लिफायरच्या 'टेप-रेक' सॉकेटमधून निघालेली केबल संगणकाच्या निळ्या सॉकेटला जोडावी. लॅपटॉपला ते नसते. त्याच्या एकत्रित सॉकेटमधील मायक्रोफोनचा भाग मोनो असून क्षीण संकेतासाठी बनलेला असतो, आणि त्यावर मायक्रोफोनसाठीचे लहान डीसी व्होल्टेजही असते. तेथे डेक जोडल्यास एकाच वाहिनीचा फाटका आवाज मिळतो. त्याऐवजी स्टिरिओ लाइन पातळी घेणारे यूएसबी उपकरण वापरावे. टू-इन-वनला केवळ हेडफोनचे सॉकेट असेल तर तेही चालते. कान एक-तृतीयांशाच्या आसपास ठेवून, संगणकावरील मोजपट्टी सर्वांत मोठ्या आवाजालाही शून्य डेसिबलच्या खाली सहा ते बारा अंशांवर राहील असे पाहावे. शून्याला टेकलेला डिजिटल आवाज कापला जातो आणि तो पुन्हा दुरुस्त होत नाही.

ध्वनिमुद्रणापूर्वी डेकचे हेड व रबराचे चाक अल्कोहोलने पुसावे. बुरशीचे पांढरे ठिपके दिसणारी कॅसेट तशीच वाजवू नये. ती बुरशी हेडवर चिकटून पुढील कॅसेटांत पसरते. बरीच वर्षे न वाजवलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे व मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. डेकचा पट्टा सैल झाला असेल तर लय संथ होते आणि स्वर उतरतो. तंबोऱ्याचा किंवा पेटीचा स्वर ओळखीचा असल्यास हे कानाला लगेच कळते.

ऑडॅसिटी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे काम होते. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. एमपी३ स्वरूपात आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो, म्हणून ती केवळ ऐकण्याची किंवा पाठवण्याची प्रत असावी. सीडीच्या प्रमाणातील वेव्ह स्वरूपाला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट सुमारे ६०० मेगाबाइटांत मावते. गाणारी व्यक्ती, स्थळ व वर्ष ही माहिती फाइलच्या नावातच लिहावी, कारण कॅसेटच्या खोक्यावरील शाई संगणकात उतरत नाही. खरखर घालवण्याची प्रक्रिया करायची असल्यास ती प्रतीवर करावी. मूळ फाइलला हात लावू नये. जास्त सफाईने ओव्यांच्या मागचा जात्याचा आवाजही निघून जातो.

प्रकाशित ध्वनिमुद्रणांवर भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे प्रताधिकार असतो. खासगी वापरासाठीचा उचित व्यवहार या कायद्यात अपवाद मानला आहे. उतरवलेल्या प्रती विकणे किंवा आंतरजालावर सर्वांसाठी ठेवणे त्यात बसत नाही.